रिकाम्या पोटी

“खरं सांगा हं वैजयंती, गोळी चुकते का कधी?”

डॉक्टर मुजावरबाईंनी रिपोर्ट टेबलावर माझ्या बाजूला फिरवून ठेवला होता. फिरवायची गरज नव्हती. अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवता शिकवता उलटे आकडे वाचायची सवय झालेली असते. नऊ पूर्णांक सहा. खुर्चीत बसता बसताच मी तो वाचला होता.

“नाही,” मी म्हणाले. “एकदाही नाही.”

“घेतल्यावर उलटी होते?”

“होते, पण आठच्या पुढे. गोळी सहाला घेते.”

“चहा?”

“सातला. त्याआधी काही नाही.”

“लोहाची गोळी?”

“दुपारी जेवणानंतर.”

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. माझ्या शेजारी मामी बसल्या होत्या. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या कराडकडे सासूला मामी म्हणतात. इतका वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. आता त्यांना राहवेना.

“चुकत न्हाई हो डॉक्टरीणबाई. मी माझ्या हातानं देते. सहाचा ठोका पडला की गोळी आणि पाणी घेऊन मी हिच्या उशाशी उभी. पार सहाव्या आठवड्यापासनं. एक दिवस खाडा न्हाई.”

“मग जाते कुठे गोळी?” बाई म्हणाल्या. हे त्या आम्हा दोघींपैकी कुणालाच विचारत नव्हत्या.

थायरॉईड म्हणजे गळ्यातली एक लहानशी ग्रंथी. ती कामात कमी पडली की मेंदू तिला हाका मारतो, आणि रक्तात मोजायचा तो टीएसएच म्हणजे त्या हाकांचा आवाज. आवाज जितका मोठा, तितकी ग्रंथी मागे. माझी मागेच होती. पण रोजच्या पन्नास मायक्रोग्रॅमच्या गोळीवर वर्षभर सगळं शांत होतं. दिवस गेले आणि गडबड सुरू झाली. सहाव्या आठवड्यात आकडा चार पूर्णांक आठ. गरोदरपणात शरीराची मागणी वाढतेच, म्हणून बाईंनी गोळी पंचाहत्तरची केली. दहाव्या आठवड्यात सात पूर्णांक नऊ. गोळी शंभरची झाली. आता चौदावा आठवडा होता आणि आकडा नऊ पूर्णांक सहा. त्यांना तो अडीचच्या आत हवा होता.

“गोळी वाढेल तसा आकडा उतरायला हवा,” बाई म्हणाल्या. “तुमचा चढतोय.”

“बाळाला…” मी म्हणाले.

“ठोके उत्तम आहेत. वाढ बरोबर आहे. पण बाळाची स्वतःची ग्रंथी नीट कामाला लागायला पाचवा महिना उजाडतो. तोवर त्याला जे लागतं ते तुमच्या रक्तातून जातं. मेंदूच्या वाढीला लागतं ते. मी घाबरवत नाहीये तुम्हाला, पण तुमच्यापासून लपवणारही नाही.”

मामींनी पदराचं टोक सोडून दिलं.

“मग वाढवा की गोळी अजून,” त्या म्हणाल्या.

“आज नाही वाढवत. भांड्याला भोक असेल तर वरून किती ओतणार? आधी भोक शोधायचं. वैजयंती, आठ दिवस तुम्ही सकाळी उठल्यापासून दहा वाजेपर्यंत काय काय करता ते लिहून काढा. तुमच्या प्रयोगवहीत लिहिता तसं. काही सापडलं नाही तर मग मी मात्रा वाढवते.”

रिक्षात मामी एकदम उसळल्या. “संशय घेतीया ती बाई तुझ्यावर.”

“तिचं कामच आहे ते.”

“माझ्यावर पण घेतीया मग. मी हातानं देते म्हटलं ना!”

मला आत्ता कुणाच्या रागाचं काही वाटत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एकदा दिवस गेले होते, आणि नवव्या आठवड्यात ते संपलं होतं. त्यानंतरच्या तपासण्यांतच ही ग्रंथी कळली. आधी कळली असती तर ते टळलं असतं का, याचं उत्तर कुणीच छातीठोक देत नव्हतं. पण या खेपेला कारण कळलेलं होतं, औषध हातात होतं, आणि तरीही आकडा चढत होता.

नवरा, धैर्यशील, पाटबंधारे खात्यात कोयनानगरला. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. त्या दिवशी फोनवर त्याला सगळं सांगितलं. तो हळूच म्हणाला, “वैजू, रागावू नकोस. पण तू खरंच घेतेस ना रोज?”

मी फोन मामींच्या हातात दिला.

“धैर्या,” मामी म्हणाल्या, “तुझ्या बायकोला खोटं बोलता येत असतं ना, तर माझ्या आमटीला एकदा तरी चांगली म्हणाली असती.”

मला हसू आलं. त्या दिवसातलं तेवढंच.

वही घेतली. पहिल्या पानावर तारीख टाकली आणि जे जे बिघडू शकतं ते एकाखाली एक लिहीत गेले. शंभर गोळ्यांची बाटली होती. उरलेल्या गोळ्या ताटलीत ओतून मोजल्या, घेतलेल्या दिवसांशी ताळा जमला. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. बाटलीवरची मुदत पाहिली, पुढच्या वर्षाची होती. ती स्वयंपाकघरात शेगडीच्या वरच्या फळीवर असायची, उष्णतेने गोळी खराब झाली असेल म्हणून ती बाटली टाकून नवी आणली आणि माझ्या खोलीतल्या कपाटात ठेवली. नव्या बाटलीवरही जुन्यासारखीच कागदाची पट्टी चिकटवली. ती पट्टी लिहायची कल्पना माझीच होती. मामींना मराठी सातवीपर्यंतचं वाचता येतं, औषधाच्या दुकानदाराचं अक्षर मात्र देवालाही लागत नाही. म्हणून मी ठसठशीत लिहिलं होतं: सकाळी सहा वाजता, रिकाम्या पोटी. ‘रिकाम्या पोटी’ खाली दोन रेघा.

नवी पट्टी चिकटवत असताना मामी दारात उभ्या होत्या.

“ते पुन्हा लिहायलाच पायजे का?” त्या म्हणाल्या.

“का? वाचता येत नाही?”

“येतंय की. येतंय म्हणूनच.” आणि त्या पोळ्या लाटायला निघून गेल्या. मला वाटलं, सातवीवरून मी टोमणा मारला असं त्यांना वाटलं.

आठवडाभर वहीत काही मिळालं नाही. सहा वाजता गोळी. सात वाजता चहा. आठला पोहे किंवा भाकरी-भाजी, आणि त्यानंतर अर्ध्या तासात बहुधा उलटी. साडेनऊला कॉलेज. मी माझ्याच सकाळींकडे पाहात होते आणि त्यांत एकही फट दिसत नव्हती. वर्गात मुलांना मी नेहमी सांगत असे, की प्रयोग चुकतो तेव्हा चूक बहुतेक वेळा तुम्ही न लिहिलेल्या गोष्टीत असते. हे वाक्य मी त्या आठवड्यातही एकदा फळ्यापाशी उभी राहून म्हणाले, आणि घरी आले.

रविवारी सकाळी सहाला मामी आल्या. धैर्यशील शेजारी झोपलेला. मामींनी नेहमीसारखा गोळीचा एक हात पुढे केला आणि पाण्याचा दुसरा. त्या दिवशी मला उठल्यापासूनच मळमळत होतं. गोळी जिभेवर ठेवून कसेबसे दोन घोट घेतले आणि पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला.

“पी की सगळं,” मामी म्हणाल्या.

“नको. ओकारी येईल.”

“अर्धा तरी पी.”

“मामी, नको म्हटलं ना.”

त्या जराशा घुटमळल्या, पेल्याकडे बघितलं आणि गेल्या. मी पुन्हा आडवी झाले.

दहाच्या सुमाराला खोली आवरायला घेतली. पेला तसाच कट्ट्यावर होता. पाणी ओतून टाकायला उचलला आणि थांबले. पाण्यावर साय होती. दुधासारखी जाड नव्हे. अगदी पातळ, उन्हात जेमतेम दिसणारी, थंड मुलखात डबक्यावर बर्फाचा धरावा तसा पापुद्रा. बोट लावलं तर तो कुरकुरत मोडला आणि त्याचे तुकडे तळाशी गेले. पेल्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर, पांढरी बारीक किनार.

साध्या पाण्यावर असं होत नाही. धूळ नव्हती ती. धूळ मोडत नाही.

मी स्वयंपाकघरातून काचेचा ग्लास घेतला, पापुद्रा बाजूला सारून वरचं स्वच्छ पाणी त्यात ओतलं. पाणी नितळ. धैर्यशीलने काल आणलेल्या आंब्याच्या रसाच्या पुड्याला नळी चिकटवलेली होती, ती सोडवून घेतली. मामी ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होत्या, धैर्यशील पेपर घेऊन जमिनीवर बसला होता.

“मामी, या पाण्यात काय आहे?”

“काय असायचंय? पाणी हाय.” पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी नळी पाण्यात बुडवली आणि सावकाश फुंकर घातली. दहा-बारा बुडबुडे आले. पाणी आधी किंचित धुरकट झालं. मग आणखी. मग ते ताकासारखं पांढरं झालं.

मामींच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. “अगं बाई! हे काय केलंस?”

“मी काही नाही केलं. हे उच्छ्वासाने होतं. चुन्याची निवळी असली तर होतं. शाळेतली पोरं करतात हा प्रयोग.”

धैर्यशीलने पेपर खाली ठेवला. “चुना? पाण्यात चुना कुठून आला?”

मामींनी कोथिंबिरीची जुडी ओट्यावर ठेवली, दोन्ही हात पदराला पुसले. त्यांना जेवणानंतर पान लागतं. चुन्याची डबी त्यांच्या कमरेच्या पिशवीत कायम.

“मी घालते,” त्या म्हणाल्या. “गव्हाएवढा. रात्री पाण्यात टाकून ठेवायचा, सकाळी वरचं वरचं ओतून घ्यायचं. निवळीनं हाडं घट्ट होत्यात बाळाची. माझ्या सासूनं मला दिली, तिच्या सासूनं तिला. कधी कुणाला काय झालं न्हाई.”

“कधीपासून?” मी विचारलं.

“तुला दिवस गेल्याचं कळलं तवापासनं.”

सहावा आठवडा. मी मनातल्या मनात मोजलं. सहाव्या आठवड्यापासून प्रत्येक सकाळी सहा वाजता मी गोळी आणि चुना एकाच घोटाने गिळत होते. चुना म्हणजे कॅल्शियम. कॅल्शियम त्या औषधाला आतड्यात धरून ठेवतं, रक्तात नीट जाऊ देत नाही. म्हणून तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवायचं. हे मला पाठ होतं. मी दूध टाळत होते, लोहाची गोळी दुपारवर ढकलत होते, शेगडीच्या उष्णतेपर्यंत पोचले होते, आणि वहीत एका ठिकाणी ‘पाणी’ एवढा शब्द लिहून पुढे गेले होते. चवही लागली होती. जरा तुरट, जरा खडूसारखी. पण त्या दिवसांत मला सगळ्याचीच चव तशी लागायची.

“गव्हाएवढा म्हणजे केवढा?” मी विचारलं. हे विचारण्याला त्या वेळी काही अर्थ नव्हता, पण आकडा नसला की माझं डोकं पुढे सरकत नाही.

मामींनी डबी काढली, बोटाने चुना काढून दाखवला. तो गहू चांगला हरभऱ्याएवढा होता.

“आई!” धैर्यशील उठून उभा राहिला. त्याचा आवाज मी इतका चढलेला ऐकला नव्हता. “तिला डॉक्टर खोटं ठरवतात, मी तिला नाही नाही ते विचारतो, आणि तू समोर बसून ऐकतेस? तुला एकदा तोंडातून काढता आलं नाही?”

“मला काय ठाऊक त्यानं गोळी…”

“ठाऊक नाही तर हात कशाला लावायचा? उद्यापासून तिची गोळी ती घेईल. तू त्या बाटलीला शिवायचंसुद्धा नाही. कळलं?”

मामी मागच्या दाराने अंगणात गेल्या आणि धुण्याच्या दगडावर जाऊन बसल्या.

खरं सांगायचं तर मलाही तेच म्हणायचं होतं, जे धैर्यशील म्हणाला. तो माझ्या आधी म्हणाला एवढंच. मी पेला धुतला. दोनदा धुतला. कडेची पांढरी किनार जाईना, लिंबाची फोड चोळली तेव्हा गेली. मग मी मागे गेले. समजूत घालायला नव्हे. मला अजून एक गोष्ट कळली नव्हती आणि ती विचारायची होती.

“निवळी दुपारी का नाही दिली?” मी म्हणाले. “जेवताना दिली असती, मला सांगून दिली असती, तर मी नाही म्हटलं नसतं. सकाळच्याच पाण्यात का? लपवून का?”

त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. “तू लिहून ठेवलंस म्हणून.”

“काय लिहून ठेवलं?”

“बाटलीवर. रिकाम्या पोटी. खाली रेघा मारून.” त्यांनी हवेतच बोटाने दोन रेघा ओढल्या. “रोज सकाळी ती बाटली हातात घ्यायची आणि ते वाचायचं. रिकामं पोट, रिकामं पोट. पोटुशी बाईच्या घरात असलं कुणी लिहितं का गं?”

“मामी, ती नुसती सूचना आहे. जेवणाआधी, एवढाच अर्थ.”

“तुला एवढाच. मागल्या खेपेला, त्या तपासणीच्या वक्ताला तू आडवी होतीस, तोंड भिंतीकडं. मी तुझ्या पायापाशी होते. त्या मशिनवाल्या डॉक्टरनं सिस्टरला काय सांगितलं ते तू ऐकलंस का न्हाईस, मला म्हाईत न्हाई. मी ऐकलं. ‘पिशवी रिकामी आहे,’ म्हणाला. जसं काय बाजाराची पिशवी. ‘पिशवी रिकामी आहे, लिहून घ्या.’”

मी ऐकलं नव्हतं. किंवा ऐकलं असेल आणि कुठेतरी ठेवून दिलं असेल. मला त्या खोलीतला फक्त पोटावरचा गारवा आठवत होता.

“मग ह्या खेपेला दिवस गेले,” मामी म्हणाल्या, “आणि तू म्हणालीस, सकाळी काही खायचं न्हाई, दूध न्हाई, चहा न्हाई, पोट रिकामं पायजे. मी म्हटलं, घ्या. पुन्हा रिकामंच. तुझ्याशी वाद घालण्याएवढी मी शिकलेली न्हाई. पण चुना पाण्यात दिसत न्हाई. म्हटलं, हिला कळणार न्हाई आणि पोटात काहीतरी असंल. गोळी जायच्या आधी पोटात माझं काहीतरी असंल.”

त्या रडत नव्हत्या. त्या रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी दगडावर त्यांच्या शेजारी बसले. पलीकडच्या घरात कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली. माझ्या मनात एकाच वेळी दोन हिशेब चालले होते. एक, या बाईने माझ्या बाळाचं औषध नऊ आठवडे अडवलं. दुसरा, या बाईने नऊ आठवडे एक दिवसही, एक मिनिटही उशीर केला नाही. पहिलं मला माफ करता येत होतं की नाही, हे मला त्या क्षणी ठरवता येईना. पण दुसऱ्याची मला गरज होती. मी स्वतःवर सोडलं असतं तर उलट्यांच्या त्या दिवसांत माझी गोळी सातला, आठला, कधी विसरून दहाला गेली असती. मला माझा स्वभाव माहीत होता, मी दुसऱ्यांच्या प्रयोगांत काटेकोर आहे.

मी आत जाऊन बाटली आणली. नखाने पट्टी खरवडून काढली, आणि वहीतला कागद फाडून नवी लिहिली. मामींना वाचून दाखवली.

“पहिला मान गोळीचा. सहा वाजता. सोबत नुसतं पाणी. बाकी सगळ्यांची पंगत तासाभराने.”

मामींनी पट्टीकडे पाहिलं. “हे काय लिहिलंयस?”

“तेच. वेगळ्या शब्दांत.”

“चुना कुठं बसवलास पंगतीत?”

“चुना नाही. त्याचं काय करायचं ते उद्या बाईंना विचारू.”

बाटली त्यांच्या हातात दिली. धैर्यशील मागच्या दारात येऊन उभा होता. “वैजू, मी आत्ताच…”

“ऐकलं मी,” मी म्हणाले. “पण सहाला उठून गोळी तुम्ही देणार आहात का? कोयनेहून?”

तो आईकडे बघत म्हणाला, “नुसतं पाणी. पाणीच हं आई.”

“मग काय, त्यात सरबत घालू?” मामी म्हणाल्या आणि बाटली पदराखाली घेऊन आत गेल्या.

सोमवारी आम्ही बाईंकडे गेलो. मी सांगायला तोंड उघडण्याआधी मामींनीच सगळं सांगून टाकलं, डबीसकट. डबी टेबलावर ठेवली. बाईंनी ती उघडून बघितली, बंद केली आणि मामींच्या दिशेने सरकवली.

“मी काही विष घातलं न्हाई,” मामी म्हणाल्या.

“नाही हो मामी. चांगलंच घालायला गेलात, पण औषधाच्या वाटेत घातलंत.”

“पोराला काही झालं असंल का?”

बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही, आणि त्याबद्दल मी अजूनही त्यांची ऋणी आहे. “गोळी सगळी वाया गेली नसेल. काही भाग रक्तात गेलाच असेल. आकडा नऊवर आहे, पन्नासवर नाही. आणि वेळेत सापडलं. याहून जास्त मी आज सांगू शकत नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मी मात्रा बदलत नाही. शंभरच ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. चार आठवडे थांबायचं. चालेल?”

चालेल, मी म्हणाले. चौदा आणि एक पंधरा, पंधरा आणि चार एकोणीस. एकोणिसाव्या आठवड्यापर्यंत काहीच कळणार नव्हतं.

“आणि हा चुना बंद,” बाई मामींना म्हणाल्या. “त्याच्याऐवजी ही कॅल्शियमची गोळी. रात्री जेवल्यावर. ही तुमच्याकडे.”

मामींचा चेहरा त्या भेटीत पहिल्यांदाच सैल झाला. “म्हणजे चुनाच की.”

“चुन्याची शिकलेली बहीण,” बाई म्हणाल्या.

ते चार आठवडे मी कसे काढले ते नीट आठवत नाही. शिकवलं, पेपर तपासले, रोज सहाला उठले. मामी पेला आधी उजेडाकडे धरून मला दाखवायच्या, मग हातात द्यायच्या. पहिल्या दिवशी मला ते टोचलं. आठव्या दिवशी मी म्हणाले, “मामी, पुरे आता.” तरी दाखवायच्या. सतराव्या आठवड्यात एका दुपारी प्रयोगशाळेत बाळ पहिल्यांदा हललं. आधी मला वाटलं की पोटात वात धरला. मी टेबलाला धरून उभी राहिले. मुलांना वाटलं मला चक्कर आली, एकीने स्टूल आणून दिलं.

रक्त दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजला दांडी मारली. लॅबच्या बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. खिडकीतल्या मुलीने पाकीट दिलं. मी ते बाहेर येऊन, पायरीवर उभी राहून उघडलं. आधी नाव नीट वाचलं, मग वय, मग तारीख. मग आकडा.

दोन पूर्णांक दोन.

“किती?” मामी म्हणाल्या. “अगं किती ते सांग ना!”

“दोन,” मी म्हणाले. “दोन पॉइंट दोन.” आणि पुन्हा नाव वाचलं, वय वाचलं. माझंच होतं. गोळी तीच होती, शंभरचीच. बदललं होतं फक्त पाणी.

“म्हणजे उतरला?”

“उतरला.”

मामी पायरीवर मटकन खाली बसल्या. येणारी-जाणारी माणसं बघायला लागली. मी त्यांना उठवायला वाकले तर त्यांनी माझाच हात धरून मला शेजारी बसवलं. रस्त्यावरून उसाची ट्रॉली चालली होती, ट्रॅक्टरवर कर्कश गाणं लावलेलं. आम्ही ती पूर्ण जाईपर्यंत बसून राहिलो.

पण माझं डोकं काही पूर्ण थांबलं नव्हतं. सहावा ते पंधरावा आठवडा, ते नऊ आठवडे कुठे गेले नव्हते. पुढचे सगळे रिपोर्ट चांगले आले, सोनोग्राफीतली मापं बरोबर भरली, बाई प्रत्येक वेळी “छान” म्हणाल्या आणि मी प्रत्येक वेळी घरी येऊन त्या नऊ आठवड्यांवर बोट ठेवलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. मामींना तर नाहीच. त्याही मला काही सांगत नव्हत्या. पण एकदा डोहाळजेवणाच्या गडबडीत बाई जेवायला आल्या होत्या, तेव्हा मामी त्यांना कोपऱ्यात घेऊन विचारताना ऐकल्या, “जन्मल्यावर लगेच कळंल का हो, शहाणं हाय का न्हाई?”

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेलेली, त्यामुळे माहेरी जायचा प्रश्न नव्हता. बाळंतपण कराडलाच झालं. मुलगी झाली, तीन किलोला दोनशे ग्रॅम कमी. नर्सने ती माझ्या छातीवर ठेवली तेव्हा मी पहिल्यांदा तिचा गळा पाहिला. तिथे बाहेरून काहीच दिसत नाही, हे मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी तिच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे चार थेंब कागदावर घेतले. बाळाची स्वतःची ग्रंथी काम करते की नाही, ते त्यावरून कळतं. मुलगी अशी किंचाळली की मामींनी त्या तंत्रज्ञ बाईचा हातच धरला. “चार थेंब म्हणालीस ना? झाले की चार! हा पाचवा कुणाचा?” तंत्रज्ञ बाई हसायला लागली. मामी हसल्या नाहीत. बाळाचा पाय त्यांनी संध्याकाळपर्यंत हातात धरून ठेवला.

रिपोर्टला दोन दिवस लागणार होते. तोवर आम्ही घरी आलो. दोन्ही दिवस मी झोपले नाही असं म्हटलं तरी चालेल. बाळ जागं झालं की मी तिच्या हालचाली बघत बसे. डोळ्यांसमोर बोट नेलं की बघते का, टाळी वाजवली की दचकते का. पाच दिवसांच्या बाळाकडून काय काय अपेक्षा करायची याची एक यादी मी कुठून कुठून वाचून तयार केली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र पाठ टेकली आणि डोळा लागला.

कुणीतरी खांदा हलवत होतं. मामी वाकून उभ्या होत्या, एका हातात बाळ. चेहरा लाल झालेला, नाकाचा शेंडा ओला.

“ऊठ. न्हाई, उठू नकोस. मुजावरबाईंचा फोन आला होता.”

मी कोपरावर उठले. “काय म्हणाल्या?”

“चांगला हाय म्हणाल्या. पोरीचा रिपोर्ट. एकदम चांगला. ग्रंथी झकास, असं म्हणाल्या, झकास.”

“किती? आकडा किती सांगितला?”

मामी गोंधळल्या. “आकडा… तो मी विचारलाच न्हाई गं. त्यांनी चांगला म्हटलं आणि मी फोनच ठेवून दिला. थांब, लावते परत फोन. विचारून येते.”

त्या वळल्या. मुलगी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे, किंवा माझ्या मागच्या भिंतीकडे, टक लावून बघत होती.

“राहू द्या मामी,” मी म्हणाले.

कूस बदलली आणि सलग सहा तास झोपले.